तीन नंबरच्या पलंगावरची ओहोटी

बू जंगिमला मॉनिटरकडे बघावं लागत नसे. ती चादरीच्या घड्या घालत असो, कुणाचं भांडं रिकामं करत असो, नाहीतर कॉरिडॉरच्या पार टोकाला गरम पाण्याची किटली भरत असो, आवाज कानावर पडला की पडद्यावर काय चाललंय ते तिला कळायचं. एकच हलका 'टुंग' म्हणजे बोटाचा चिमटा निसटला किंवा छातीवरची पट्टी सुटली. माणूस ठीक, वायर बेजार. दोन सुरांचा पिवळा अलार्म म्हणजे आकडा हद्दीबाहेर चाललाय, उठ आणि चालायला लाग. तीन सुरांचा लाल, आणि पाठोपाठ परत तीन, म्हणजे हातातलं टाक आणि पळ. नव्या नर्सेस धावत येऊन आधी पडद्याला भिडायच्या. जंगिम आधी माणसाचं तोंड बघायची. "पडदा कुठे पळून जात नाही गं," ती म्हणायची, "माणूस जातो."

चौथ्या मजल्यावर तिला सगळ्या 'अलार्मची सासू' म्हणत. सासूला हे नाव आवडायचं.

जेजू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं ते इस्पितळ. समुद्र इतका जवळ, की वाऱ्याच्या दिवशी खिडक्यांवर मीठ बसे. जंगिम तिथे बावीस वर्षं सहायक परिचारिका होती. आली तेव्हा धुलाईखान्यात होती, मग संध्याकाळच्या वर्गाला जाऊन परवाना मिळवला. मॉनिटर मात्र तिला कुणी शिकवला नाही. नवी यंत्रं आली तेव्हा खोक्यांबरोबर माहितीपुस्तकंही कचऱ्यात गेली. त्यातलं एक तिने उचललं, घरी नेलं, आणि सबंध हिवाळा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोनशे पानं वाचून काढली. शाळा नववीतच सुटलेली, म्हणून शेजारी शब्दकोश. हिरवी रेघ हृदयाची, निळी ऑक्सिजनची, पिवळी श्वासाची, एवढं तर पोरंही सांगतील. तिला अडकवलं ते एका वाक्याने: अलार्मच्या हद्दी रोग्यागणिक ठरवाव्यात. तिने त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली. कारण वॉर्डात तसं कुणीच करत नव्हतं. कारखान्यातून निघताना यंत्र नाडीची जी हद्द घेऊन आलं, पन्नास ते एकशेवीस, तीच सगळ्यांना. शेतकऱ्याला तीच, शाळामास्तराला तीच. ही नाडी कुणाची? कुठल्या गावच्या माणसाची? विचारणार कोण! सहायक परिचारिकेने यंत्राला हात लावायचा तो एकाच बटणापुरता, दोन मिनिटं आवाज बंद करण्याच्या. हद्द डॉक्टरच्या हुकमाने आणि नर्सच्या हाताने बदलायची. दहा-बारा नवशिक्या डॉक्टरांना पडदा वाचायला शिकवलेली बाई, कागदावर तिची लायकी एका बटणाची.

त्या सप्टेंबरात जंगिम पाच दिवस रजेवर होती. भावकीच्या सगळ्या कबरींवरचं गवत कापायचे ते दिवस. बुधवारी ती तीनच्या पाळीला परत आली तेव्हा बोटांवर विळ्याचे ओरखडे होते आणि पिशवीत हिरव्या संत्र्यांचा ढीग. मुख्य परिचारिका ह्योनने संत्रं सोलता सोलता सांगितलं, "तीन नंबरवर म्हातारी आलीय. कठीण आहे. शनिवारी सकाळच्या विमानाने मोठ्या इस्पितळात चाललीय."

"नाव?"

"यांग गुमदान. वय शहात्तर."

जंगिमने संत्रं तसंच टेबलावर ठेवलं आणि निघाली.

गुमदान म्हणजे तिच्याच गावची. समुद्रात बुडी मारून शंख, ऑक्टोपस, शेवाळ काढणाऱ्या बायकांपैकी. ओहोटीच्या वेळी टोळीने उतरायचं, ना नळी, ना टाकी, एका दमावर खाली आणि एका दमावर वर. जंगिमची आई तिच्याच टोळीत होती. जंगिमलाही सोळाव्या वर्षी पाण्यात उतरवलं होतं, पण तिसऱ्याच बुडीला तिच्या कानांतून रक्त आलं. होडीत ओढून घेताना आई एवढंच म्हणाली, "पाण्याने परत पाठवलंय, आता हट्ट करू नकोस." त्यानंतर ती होडीत बसली नाही. होडी वल्हवताना बायका जे गाणं म्हणत तेही तिने कधी तोंडातून काढलं नाही.

तीन नंबरच्या पलंगावर म्हातारी खिडकीकडे तोंड करून पडली होती. डावं मनगट पट्ट्यांत. शेवाळलेल्या खडकावर पाय घसरून मोडलं होतं, शुक्रवारी आत धातूची पट्टी बसवली होती.

"गुमदान सामचुन!" जंगिमने हाक मारली. त्या बेटावर वडीलधारं माणूस बाई असो की बुवा, सामचुनच.

म्हातारीने मान वळवली. "कोण गं? बू-वाल्यांची पोर ना तू? पाण्याने परत पाठवलेली?"

"तीच. आणि तुम्ही दगडाने परत पाठवलेल्या."

म्हातारी खदखदून हसली. शेजारच्या चार नंबरवर कंबर मोडून पडलेली ह्योसुन, जिच्या संत्र्यांच्या दोन बागा होत्या आणि जिची तक्रार दोन बागांना पुरून उरेल एवढी होती, ती उशीतूनच म्हणाली, "हसा! एक दुपारी झोपू देत नाही, दुसरी आता संध्याकाळी."

"ही बाई नेहमी अशीच?" गुमदानने विचारलं.

"संत्री गोड असतात तिची," जंगिम म्हणाली.

मग तिने पडद्याकडे बघितलं. नाडी शेहेचाळीस. हद्दीखाली, म्हणून आकडा पिवळा होऊन लुकलुकत होता. ऑक्सिजन त्र्याण्णव. जंगिमने म्हातारीचा उजवा हात हातात घेतला. बोटांना तेरड्याच्या फुलांनी रंगवलेली गडद केशरी नखं, आणि त्याच रंगावर ऑक्सिजनचा चिमटा.

"पाच दिवस कुणाला दिसलं नाही?" ती ह्योनकडे बघून म्हणाली. "या रंगातून याचा उजेड धड पार होत नाही." तिने चिमटा काढून कानाच्या पाळीला लावला. आकडा चढला, पंच्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. "आणि सामचुन, तुम्ही या वयात नखं रंगवताय? पहिला बर्फ पडेपर्यंत रंग टिकला तर मनातला माणूस मिळतो म्हणतात. कुणाची वाट बघताय?"

"तुला काय करायचंय?" म्हातारी म्हणाली, आणि हात पांघरुणात लपवला.

पण एवढ्याने गाठ सुटणार नव्हती. ह्योनने कागद दाखवला. शनिवारपासून दिवसातून एकदा, तास-दोन तास, म्हातारीचा श्वास थांबत होता. वीस सेकंद श्वास नाही म्हणून अलार्म, मग नाडी चाळिशीवर, मग ऑक्सिजन खाली, मग सगळं पहिल्यासारखं. मिनिटा-दोन मिनिटांनी परत तेच. नर्स धावत यावी तोवर म्हातारी शांत श्वास घेत असायची. डॉक्टर ब्योनने निदान लिहिलं होतं: दिवसा झोपेत श्वास थांबतो, हृदयाचे ठोके देणारी गाठ थकली आहे, छातीत ठोके देणारं यंत्र बसवावं. आणि खाली एक शब्द: गोंधळलेली.

"गोंधळलेली? ही?"

"डॉक्टरांनी विचारलं, आजी, आत्ता काय होत होतं? तर म्हणाली, पाण्यात होते. लिहून टाकलं त्यांनी."

म्हातारी ऐकत होती. आता तिचा आवाज बदलला. "छातीत घड्याळ बसवणार म्हणे गं. आणि ते बसवलं की पाण्यात जायचं नाही, असं तो पोरगा म्हणाला. माझ्या मुलाने तिकडून फोनवर होसुद्धा म्हटलं. साठ वर्षं झाली मला पाण्यात. आता घरी बसून टीव्हीवर मासे बघू? ते यंत्र खोटं बोलतंय, जंगिम."

"यंत्र खोटं बोलत नाही, सामचुन," जंगिम म्हणाली. "चुगली करतं. पण कशाची करतंय तेच कुणी विचारलं नाही."

त्या संध्याकाळी जेवणाची ताटं उचलून झाल्यावर ती मॉनिटरची मागची पानं उघडून बसली. बघायला परवानगी लागत नव्हती. घटनांची लांबलचक यादी होती. श्वास थांबल्याच्या रोजच्या पहिल्या अलार्मची वेळ तिने औषधाच्या पुड्याच्या पाठीवर उतरवली. शनिवार दहा दहा. रविवार अकराला पाच कमी. सोमवार पावणेबारा. मंगळवार, काहीच नाही. आज बुधवार, एक पस्तीस.

ती त्या आकड्यांकडे बघत राहिली. रोज पाऊण तास, तासभर पुढे. आजार असा घड्याळ लावून उशीर करत नाही. मग मंगळवारचं ते रिकामं पान. मंगळवारी ती कुठे होती? डोंगरावर, काकांच्या कबरीशी, आणि वारा असा होता की विळा हातातून उडेल. खाली समुद्र पांढरा फेसाळलेला. त्या दिवशी पाण्यात चिटपाखरू नव्हतं.

नर्सेसच्या खोलीत मच्छीमार संस्थेचं कॅलेंडर टांगलेलं होतं. आकडे मोठे असतात म्हणून सगळ्या पाळ्या त्यावरच लिहीत. प्रत्येक तारखेखाली बारीक अक्षरात भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या. इतक्या वर्षांत त्या कुणी वाचल्या नव्हत्या. जंगिमने चष्मा लावला, पुड्याची पाठ कॅलेंडरला भिडवली, आणि एकटीच इतक्या जोरात हसली की ह्योन दारातून डोकावली.

डॉक्टर ब्योन तिला जिन्यात सापडला. सोलचा पोरगा, सैन्याच्या नोकरीऐवजी बेटावर डॉक्टरकी करायला आलेला, वाईट नव्हता. फक्त प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायचा आणि माणूस एकदाच.

"डॉक्टर साहेब, उद्या तीन नंबरचा अलार्म अडीच वाजता वाजेल."

"तुम्ही ज्योतिष बघता का?"

"नाही. कॅलेंडर."

"बाई, मला शनिवारची कागदपत्रं पुरी करायचीयत."

जंगिमचं डोकं तापलं. पण बावीस वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती, डॉक्टरला चूक सांगू नये, पैज लावावी. "अडीचला पाच मिनिटं इकडेतिकडे. नाही वाजला, तर महिनाभर तुमचे चादरी-उशांचे कागद मी भरते. वाजला, तर तुम्ही दहा मिनिटं तिथे उभं राहायचं आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

चादरी-उशांच्या कागदांनी काम केलं.

गुरुवारी ती पाळीच्या तासभर आधीच आली. सव्वादोनला डॉक्टर ब्योन कागदी पेल्यात कॉफी घेऊन, गालातल्या गालात हसत हजर. दोघं तीन नंबरच्या पायथ्याशी उभी राहिली. म्हातारी पाठमोरी, पांघरूण खांद्यापर्यंत, झोपल्यासारखी. ह्योसुन खरंच झोपली होती. आकाश निरभ्र, वारा पडलेला. भांगाचे, कमी भरती-ओहोटीचे दिवस होते, पाणी कसं ताटात ओतल्यासारखं. खिडकीबाहेर खाली, खडकांच्या पलीकडे, एकेक करून नारिंगी भोपळे पाण्यावर आले. बुडी मारणाऱ्या बायका त्यांना धरून दम घेतात. एक, दोन, चार, सात. पहिल्या भोपळ्याला हिरवी चिंधी बांधलेली.

"तुम्ही बाहेर काय बघताय?" डॉक्टर कुजबुजला. "पडदा इकडे आहे."

"दोन्ही बघा."

हिरव्या चिंधीजवळचं डोकं खाली गेलं. क्षणभर दोन पाय वर चमकले आणि दिसेनासे झाले. मागोमाग बाकीच्या सहा. इकडे पडद्यावरची पिवळी रेघ एकदा उंच चढली आणि मग सपाट झाली.

डॉक्टरचं हसू मावळलं. दहा सेकंद. पंधरा. वीस, आणि दोन सुरांचा अलार्म सुरू झाला. नाडी बावन्न. सत्तेचाळीस. त्रेचाळीस. एकोणचाळीसला तीन सूर, लाल. डॉक्टर पुढे झेपावला, तशी जंगिमने त्याची बाही धरली. "पैज, साहेब." आणि दुसऱ्या हाताने तिने तिच्या हक्काचं ते एकुलतं एक बटण दाबलं.

वॉर्ड गप्प झाला. सहा दिवसांत पहिल्यांदाच तीन नंबरपाशी, त्या घटकेला, आवाज नव्हता. पाण्यावर एक डोकं वर आलं, मग दुसरं. आणि पलंगावरून, पांघरुणाच्या आतून, बारीक, लांब, वर वर चढत जाणारी शीळ आली. दम धरून वर आलेली बाई पहिला श्वास सोडते तेव्हा तिच्या ओठांतून येते तीच. जंगिम त्या शिळेवर लहानाची मोठी झाली होती. आई वर आली, हे घरी तिच्यावरूनच कळायचं.

पिवळी रेघ उसळली. नाडी सत्तर. ऑक्सिजनचा आकडा उशिराने, टपालाने आल्यासारखा, एकोणनव्वदवर उतरला आणि लगेच परत चढायला लागला. डॉक्टरच्या पेल्यातली कॉफी त्याच्या बुटावर सांडली होती.

"आजी! तुम्ही काय करताय?"

म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, एखाद्या आंधळ्याकडे बघावं तसं. "दिसत नाही? काम."

"काम?"

"त्या खाली गेल्या की मी जाते. त्या वर आल्या की मी येते. टोळी पाण्यात असताना मी इथे लोळत पडू? अंग विसरतं हो. दोन महिने हात बांधलेला, दम तरी राखायला नको?"

"आणि हा अलार्म? एवढा वाजतो, तो ऐकू येत नाही?"

"येतो ना! फार चांगलाय तुमचा अलार्म." म्हातारी मनापासून म्हणाली. "समुद्रात कुणी सांगत नाही किती दम संपला ते. इथे कसं, पहिली घंटा झाली की मी समजते, थोडा गेला. दुसरी घंटा झाली की आणखी एक शंख उचलते, आणि मग वर. मला वाटलं, माझ्यासाठीच बसवलीय."

जंगिम स्टुलावर बसली आणि पोट धरून हसत राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर तोंड उघडं टाकून उभा. चार नंबरवरून ह्योसुनचा आवाज आला, "म्हणजे सहा दिवस माझी झोप मोडतेय, ती ही बाई पलंगावर शंख वेचतेय म्हणून?"

"तुला एक पाठवीन," गुमदान म्हणाली.

"एक? बासष्ट वेळा उठवलंस मला!"

डॉक्टर ब्योन पोरगा असला तरी त्याच्यात एक गोष्ट चांगली होती. चूक कळली की त्याला राग यायचा नाही, खाज सुटायची. पुढची बुडी झाली तेव्हा त्याने घड्याळ लावलं. त्याच्या पुढच्या बुडीला, कुणी न सांगता, तो मोकळा मॉनिटर ओढून चिमटा बोटाला लावून बसला आणि म्हातारीबरोबर त्यानेही दम धरला. चौतिसाव्या सेकंदाला तो लाल होऊन फुटला. त्याची नाडी एकशेबारा.

गुमदानने सावकाश शीळ सोडली, त्याच्या पडद्याकडे बघितलं आणि जंगिमला म्हणाली, "शनिवारच्या विमानाने याला पाठवा."

हसणं ओसरल्यावर मात्र त्याने चष्मा पुसला. "मला पटलं, आजी. पण माझं पटणं पुरत नाही. मोठ्या डॉक्टरांना पुरावा लागतो. आत्तापासून उद्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत एकदाही दम धरायचा नाही. साधा श्वास. तेवढ्या वेळात हृदय आपणहून अडखळलं नाही, तर यंत्र नको, विमान नको. पण मध्ये एक जरी घटना नोंदली गेली, तर ती आजाराची की सवयीची हे मी सांगू शकणार नाही. मग शनिवार."

"बस, एवढंच?" म्हातारी म्हणाली.

"आणि नाडीची खालची हद्द चाळीस करूया. यांची साधी नाडीच शेहेचाळीस आहे, पन्नासवर ठेवून यंत्राला दिवसभर कशाला रडवायचं?" त्याने हुकूम लिहिला, सही केली, आणि जंगिमकडे बघितलं. "तुम्हाला येतं ना?"

"येतं. परवानगी नाही."

डॉक्टरने ह्योनकडे बघितलं. ह्योनने छताकडे. "आम्ही दोघं शेजारी उभी आहोत," ह्योन म्हणाली. "आमचेच हात समज."

जंगिमने गोल बटण फिरवलं. पन्नास, अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, चाळीस. दाबलं. इतके दिवस पिवळा होऊन लुकलुकणारा शेहेचाळीस एकदम हिरवा, स्थिर झाला.  

रात्र गेली, शुक्रवारची दुपार झाली, यादीत एकही नोंद नाही. पण खरी परीक्षा तीन वीसची होती. जंगिम तीन वाजता आली तेव्हा म्हातारी उठून बसली होती आणि गुडघ्यावर बोटं आपटत होती. बाहेर नारिंगी भोपळे पाण्यावर आले.

"सामचुन, बघू नका."

"नुसतं बघते."

हिरवी चिंधी थांबली. डोकं खाली गेलं. पडद्यावरची पिवळी रेघ सपाट झाली. पाच. आठ. बारा.

"सामचुन! श्वास!"

म्हातारी दचकली, श्वास सुटला. "अगं, मुद्दाम नाही केलं. छाती आपोआप बंद होते." तिचा चेहरा पहिल्यांदाच घाबरलेला दिसला.

"पडदा ओढते."

"ओढ. काय फरक पडणार? ओहोटी अंगाला कळते, डोळ्यांना नाही." बाहेर परत पाय चमकले. रेघ परत सपाट. नऊ. चौदा. सोळा. जंगिमने तिच्या पाठीत थाप मारली तेव्हा कुठे छाती हलली. अठरा सेकंद. अजून दोन, की यादीत नोंद, की विमान. आणि अजून दोन तास जायचे होते.

साठ वर्षांचा दम कसा मोडायचा? कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर ते लिहिलेलं नव्हतं. आणि जंगिमच्या तोंडून, चाळीसेक वर्षांत पहिल्यांदा, वल्ह्याचं गाणं निघालं. आई होडीत म्हणायची तेच. सूर भलतीकडे, शब्द उलटसुलट, आवाज किटलीसारखा.

गुमदानने कानावर हात ठेवला. "अगं बाय, कुठे चालली होडी! खडकावर आपटेल!"

"मग तुम्ही सावरा."

"तुझ्या आईला ऐकू गेलं तर कबरीतून उठेल!" आणि म्हातारीने गाणं तिच्या हातून काढून घेतलं.

गाताना दम धरता येत नाही. प्रत्येक ओळीला श्वास घ्यावा लागतो, सोडावा लागतो. पडद्यावरची पिवळी रेघ उठली आणि वल्हं पडावं तशी लांब, सारख्या लाटांनी चालू लागली. जंगिम प्रत्येक ओळीच्या शेवटी 'होय, होय' करून साथ देत होती. अर्ध्या तासाने ह्योसुनने जेवणाचं स्टीलचं वाडगं पालथं घातलं आणि चमच्याने ठेका धरला. "झोप तर गेलीच आहे," ती म्हणाली. पलीकडच्या खोलीतल्या दोन म्हाताऱ्या सलाईनचे खांब ढकलत आल्या. डॉक्टर ब्योन दारात येऊन टाळ्या वाजवू लागला, चुकीच्या जागी. सगळ्यांनी त्याला गप्प केलं.

साडेचारच्या सुमारास, ऐन रंगात, मॉनिटर वाजला.

खोली थिजली. चमचा हवेत. डॉक्टर पांढराफटक. फक्त म्हातारीचं गाणं आणि जंगिमची 'होय, होय' चालू राहिली. तिने पडद्याकडे मानसुद्धा वळवली नाही. "एकच सूर आहे," ती म्हणाली. "मान हलवताना कानाचा चिमटा पडलाय." आणि उशीखालून चिमटा काढून परत लावला. नाडी चौसष्ट. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. म्हातारीने एक ओळही सोडली नव्हती.

साडेपाचला भोपळे किनाऱ्याला लागले. डॉक्टरने यादी उघडली. पूर्ण दिवसात एकच नोंद होती: चिमटा निसटला. त्याने तिथूनच मोठ्या इस्पितळाला फोन लावला, नोंदी पाठवल्या, पलीकडून बराच वेळ प्रश्न आले, आणि शेवटी त्याने शनिवारचे कागद फाडले. मग म्हातारीच्या कागदावरचा 'गोंधळलेली' खोडून त्याच्यावर लिहिलं: समुद्रात काम करते. नाडीची हद्द चाळीस. तो कागद हातात घेऊन जंगिमने दोनदा वाचला.

"पोरी," गुमदान म्हणाली, "तुझ्यासारखं भिकार गाणारी मी जन्मात ऐकली नाही."

"कामाला आलं ना?"

"ते आलं." आणि मग, "पाण्याने परत पाठवली म्हणून सगळ्या तुला हसायच्या. मीसुद्धा. पण कुणीतरी किनाऱ्यावर कान देऊन बसायला लागतंच की."

डिसेंबरात संत्री पिवळी झाली. ह्योसुन आपल्या पायांनी घरी गेली होती आणि तिच्याकडे एक नाही, टोपलीभर शंख पोचले होते, त्यावर चिठ्ठी: झोपेचे. पहिला बर्फ डोंगरमाथ्यावर पडला तेव्हा गुमदानच्या नखांच्या टोकाला केशरी कोर अजून होती म्हणे. माणसाचं नाव मात्र तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एका दुपारी जंगिम चौथ्या मजल्याच्या खिडकीशी आली. पाण्यावर नारिंगी भोपळे. तिने मोजले. सात नाही, आठ. आठव्यापाशी एक डोकं जरा सावकाश, पण सरळ खाली गेलं.

शेजारी डॉक्टर ब्योन येऊन उभा राहिला आणि त्याने गाल फुगवले. एकेचाळिसाव्या सेकंदाला तो फुटला. "वाढला," तो धापा टाकत म्हणाला. आठवं डोकं अजून वर आलं नव्हतं. पन्नास. पंचावन्न.

जंगिमने खिडकीची कडी काढली आणि तावदान सताड उघडलं. गार वारा आत घुसला, कागद उडाले, मागून ह्योन ओरडली, "वेड लागलंय का? पेशंट गारठतील!"

"दोन मिनिटं," जंगिमने हात वर केला, "दोन मिनिटं गप्प बसा गं सगळ्या."

आणि खालून, खडकांच्या पलीकडून, बारीक, लांब शीळ आली.